लेस्टरमध्ये खोली शोधताना आडनाव का लपवायचे?

दरवर्षी आपली मुले-मुली शिकायला ब्रिटनला जातात. कोणी शिष्यवृत्तीवर, कोणी बँकेचे कर्ज काढून. त्यातले काही जण मध्य इंग्लंडमधल्या लेस्टरला पोहोचतात. २०२१ च्या जनगणनेनुसार या शहरात ख्रिश्चन २४.७ टक्के, मुस्लिम २३.५, हिंदू १७.९, शीख ४.५ आणि कोणताही धर्म न मानणारे २३ टक्के आहेत. बहुमत कोणाचेच नाही. मग अशा शहरात जात कोण विचारणार?

आमचे म्हणणे आहे, विचारली जाते. तिथली जनगणना धर्म मोजते, जात मोजत नाही. अनेक धर्म शेजारी नांदतात म्हणजे समता नांदते, असे नव्हे. शीख धर्माने जात नाकारली, तरी ब्रिटनमध्ये रामगढिया आणि रविदासिया यांचे गुरुद्वारे वेगवेगळे आहेत. समुद्र ओलांडला म्हणून जात बुडत नाही.

बाबासाहेब १९१३ ते १९१७ या काळात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकले. तिथल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव पूर्णपणे पुसली गेली होती, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पण तेव्हा तिकडे भारतीय मोजके होते. आज आपला विद्यार्थी खोली शोधतो ती भारतीयांच्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर. 'शुद्ध शाकाहारी पाहिजे' इथून सुरुवात होते. मग पूर्ण नाव, मग गाव, मग 'घरी कोणता देव?' तिथल्या गोऱ्या माणसाला या प्रश्नांचा अर्थ कळत नाही. आपल्याला लगेच कळतो.

मग आडनाव गाळले जाते, बाबासाहेबांचा फोटो बॅगेतच राहतो. आम्ही त्या मुलांना दोष देत नाही. परक्या थंड शहरात डोक्यावर छप्पर लागतेच. पण लपवून मिळालेले छप्पर किती दिवस टिकते? परदेशातून परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून ते पारशांच्या सरायीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक दारात उभे राहिले. लपून राहणाऱ्याला भाड्यासोबत रोज भीतीही मोजावी लागते.

म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे. निघण्यापूर्वीच विद्यापीठाच्या वसतिगृहात निदान पहिल्या वर्षाची खोली पक्की करा. बाहेर राहायचेच असेल तर आपल्या चळवळीतल्या सीनियरला विचारा. घर देशबांधवांसोबतच घेतले पाहिजे असेही नाही. नायजेरियन, पोलिश, बांगलादेशी विद्यार्थ्यांसोबतही स्वयंपाकघर वाटून घेता येते. अर्जात धर्माचा रकाना असेल तर तिथे निःसंकोच 'बौद्ध' लिहा.

दुसरा सापळाही ओळखा. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर, याच लेस्टरमध्ये हिंदू आणि मुस्लिम तरुण रस्त्यावर आमनेसामने आले. अशा वेळी जे खोली देताना आपली जात चाचपतात, तेच 'आपण सगळे एक' म्हणत मोर्चाला बोलावतात. खोलीसाठी वेगळे आणि भांडणासाठी एक, हे कसले एक? मुस्लिम मित्राच्या इफ्तारला जा, लंगरमध्ये बसा, १४ एप्रिलला त्या सगळ्यांना आपल्याकडे बोलवा. बंधुता अशीच रुजते.

आणि कायदा माहीत असू द्या. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करावा, असे बंधन तिथल्या संसदेने २०१३ मध्ये सरकारवर घातले. २०१८ मध्ये सरकारने हात वर केले आणि न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत असे सांगितले. तरी दार पूर्ण बंद नाही. बिहारच्या एका आदिवासी घरकामगार महिलेच्या खटल्यात २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने मान्य केले की जातीवरून झालेला भेदभाव 'वांशिक मूळ' या संज्ञेखाली येऊ शकतो. वर्गात किंवा नोकरीच्या जागी अपमान झाला तर तारीख-वेळ लिहून ठेवा, मेसेज जपून ठेवा, विद्यापीठाकडे लेखी तक्रार करा. तोंडी सांगितलेले हवेत विरते.

पण तक्रार करायची तर आधी आपण कोण हे सांगावे लागते. जो विद्यार्थी नाव लपवून दोन वर्षे काढतो तो पदवी घेऊन परततो, पण त्याच्यामागून येणाऱ्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून एकटीनेच लढावे लागते. जो पूर्ण नावानिशी राहतो, तो तिच्यासाठी एक दार उघडे ठेवून येतो.

जय भीम!