हादरे मोजूनमापून



कोलार रोडचं रुंदीकरण चालू होतं तेव्हा आमच्या फ्लॅटच्या खिडक्या दिवसभर थरथरायच्या. आईचं त्यात एक निरीक्षण होतं. रोलर पूर्ण जोरात चालू असताना मांडणीवरची भांडी फारशी वाजत नाहीत, तो सुरू होताना आणि बंद होताना मात्र खणखणाट होतो. मी तेव्हा "हो का?" म्हणून लॅपटॉपमध्ये डोकं घातलं होतं. गेल्या महिन्यात बाबांसाठी व्यायामाची सायकल शोधताना तिचं ते वाक्य आठवलं आणि उपयोगी पडलं.

बाबा आता सत्तरीचे. नोकरीची सगळी वर्षं सर्वधर्मच्या पुलावरून स्कूटरने ये-जा केली, तेव्हापासून कंबर धरलेली. आता खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. हाडांची घनताही कमी निघाली. डॉक्टर म्हणाले, मांड्यांना ताकद आणा. दुसऱ्याच दिवशी बाबांनी मला व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली. कंपन देणारी व्यायामाची सायकल, 10 मिनिटांत तासाभराचा फायदा.

"अरे, गुडघे दुखत असताना तासभर पायडल कोण मारणार? हीच मागव."

"बाबा, दोन दिवस द्या. जरा वाचून सांगतो."

"तुझं वाचून होईपर्यंत ऑफर संपेल!"

मी वाचायला बसलो. पहिली गोष्ट कळली ती ही, की कल्पना थोतांड नाही. 1892 मध्ये पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी थरथरणाऱ्या खुर्चीबद्दल व्याख्यान दिलं होतं. पार्किन्सनच्या रुग्णांना रेल्वेच्या किंवा घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर बरं वाटतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुढे 1966 मध्ये स्वीडनच्या एकलुंड आणि हॅगबार्थ यांनी दाखवलं, की स्नायूला ठरावीक कंपन दिलं तर तो आपोआप आकसतो. स्नायूत ताण ओळखणारे बारीक संवेदक असतात. प्रत्येक हादऱ्याला ते मज्जारज्जूकडे निरोप पाठवतात आणि तिथूनच 'आकस' असं उत्तर येतं. मेंदूच्या हुकमाची वाट बघितली जात नाही. पायडल मारताना असे सेकंदाला 25 हादरे मिळाले, तर स्नायूला जास्तीचं काम पडणार. जाहिरातीचा पाया हाच.

मग बाबांची कंबर कशाने गेली? तीही हादऱ्यांनीच!

फरक आहे तो सेकंदाला किती हादरे बसतात याचा. बसलेल्या माणसाचं धड साधारण 4 ते 6 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 4 ते 6 वेळा हलवलं, तर ते हादरा जिरवत नाही, उलट वाढवतं. झोका योग्य वेळी ढकलला की कमी जोरातही उंच जातो, तसंच. यालाच अनुनाद म्हणतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीच्या सीटमधून येणारी बरीच कंपनं याच टप्प्याच्या आसपास असतात. म्हणूनच युरोपीय संघाने 2002 मध्ये ट्रॅक्टर-डंपर चालवणाऱ्यांसारख्या कामगारांसाठी मर्यादा घातली. 8 तासांच्या कामात शरीराला मिळणारं कंपन 0.5 मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेलं की मालकाने उपाय करायचे, आणि 1.15 च्या वर जाऊच द्यायचं नाही.

आता सायकलीकडे येऊ. कंपन देण्याचा सोपा आणि स्वस्त मार्ग म्हणजे ते पायडललाच जोडायचं. समजा पायडलच्या एका फेरीत 20 हादरे. मिनिटाला 75 फेऱ्या मारल्या तर सेकंदाला 25 हादरे मिळतात. तरुण माणसासाठी उत्तम. पण माझे बाबा थकले आणि पायडल मिनिटाला 15 फेऱ्यांवर आलं, तर? सेकंदाला बरोबर 5 हादरे. हादऱ्याचा जोर कमी असेल, पण टप्पा नेमका कंबरेचा. ज्याला सर्वात जपायचं, तोच नको त्या जागी अडकून बसणार!

आईच्या भांड्यांचं कोडं इथे सुटलं. रोलर सुरू होताना आणि थांबताना मधल्या सगळ्या वेगांतून जातो, आणि त्यातला एखादा वेग घराच्या, मांडणीच्या अनुनादाचा असतो. वॉशिंग मशीन कपडे पिळून थांबता थांबता उड्या मारतं, तेही यामुळेच.

यावर उपाय आहे, आणि तो बांधकामाच्या यंत्रांत वापरलाही जातो. कंपन तयार करायला एका बाजूला जड असलेली चाकं फिरवतात. अशी चाकं एकमेकांविरुद्ध ठेवली की त्यांचे हादरे परस्पर रद्द होतात. आधी पूर्ण वेग गाठायचा, मग चाकांचा कोन बदलून हादरा हळूहळू वाढवायचा. थांबताना उलटा क्रम. जमिनीत खांब ठोकणारी काही यंत्रं अशीच चालतात, म्हणजे शेजारच्या इमारतींना त्रास होत नाही. सायकलीतही कंपनाची मोटर पायडलपासून वेगळी ठेवून हे करता येईल. बाकी काम आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांचं. वेग ठरलेल्या टप्प्याबाहेर गेला की हादरा बंद.

दुसरा प्रश्न, हलवायचं काय? पायडलचा हादरा घोटा, वाकलेला गुडघा, मांडी असा जिरत वर येतो. सीटचा हादरा थेट मणक्यात जातो. म्हणून पायडलचा सांगाडा आणि सीटचा सांगाडा यांच्यामध्ये रबर हवं. रबर कडक असेल तर हादरा पुढे जातो, फार मऊ असेल तर सीट डगमगते. शिवाय 25 हर्ट्झला पायडल मध्यापासून फक्त 2 मिलिमीटर हललं, तरी त्याचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे पाचपट होतो. कागदावर 2 मिलिमीटर किरकोळ वाटतात, पायाखाली नाही. अशा सायकलीचं खरं कसब काय हलू द्यायचं नाही, यातच आहे.

आणि फायदा? 2001 मध्ये 'नेचर'मध्ये एक प्रयोग आला. मेंढ्यांच्या मागच्या पायांना वर्षभर रोज 20 मिनिटं, आठवड्यातून 5 दिवस, 30 हर्ट्झचं अगदी सौम्य कंपन दिलं. मांडीच्या हाडाच्या आतल्या जाळीदार भागाची घनता 34 टक्क्यांनी वाढली. पण 2011 मध्ये कॅनडात रजोनिवृत्तीनंतरच्या 202 स्त्रियांवर वर्षभर तसाच प्रयोग झाला, तेव्हा हाडांच्या घनतेत फरक पडला नाही. ज्येष्ठांच्या पायांची ताकद आणि तोल थोडा सुधारल्याचे अभ्यास आहेत, पण तेवढाच व्यायाम कंपनाशिवाय केला असता तर, या प्रश्नाचं ठाम उत्तर मिळत नाही.

तुमच्याही घरी अशी जाहिरात आली असेल तर विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. कंपन किती हर्ट्झचं आणि किती मिलिमीटरचं? पायडल मंदावलं की ते बंद होतं का? सीटला हादरा पोचतो का? उत्तर 'पॉवरफुल मोटर' असं आलं तर फोन ठेवून द्या. पेसमेकर, गर्भारपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर, पायात रक्ताची गुठळी, यापैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनाचं कुठलंच यंत्र नको.

मी हे तिन्ही प्रश्न विचारले. पहिल्यालाच उत्तर आलं, "सर, फुल बॉडीला लागतं."

आम्ही साधी सायकल घेतली, पाठीला टेकू असलेली. सोबत डॉक्टरांनी सांगितलेली खुर्चीतली उठबस. बाबा दोन दिवस रुसले होते. आता रोज संध्याकाळी मोठ्याने आकडे मोजत उठतात-बसतात. एक हात अजून टेकतात. दुसरा सुटलाय.