विश्लेषण : ईसीजी नॉर्मल, तरी छातीत धडधड? हृदयाच्या लयीचा बिघाड ओळखायला वर्षे का लागतात?

छातीत अचानक धडधड सुरू होते, घसा कोरडा पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे धावपळ करून दवाखान्यात नेतात. तिथे नंबर लागेपर्यंत धडधड थांबलेली असते. ईसीजी काढला जातो, तो नॉर्मल येतो आणि ‘अ‍ॅसिडिटी असेल, टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला घेऊन रुग्ण घरी परततो. महिन्याभराने पुन्हा तेच. हृदयाच्या लयीत बिघाड असलेल्या अनेकांची सुरुवात अशी होते आणि योग्य निदान व्हायला कधीकधी काही वर्षे जातात. आता मनगटावरचे स्मार्टवॉचही ‘ठोके अनियमित आहेत’ अशी सूचना देऊ लागल्याने हा प्रश्न दवाखान्यांत वेगळ्या रूपात येऊ लागला आहे. नॉर्मल ईसीजीचा अर्थ काय आणि निदान नेमके अडते कुठे, याचा हा आढावा.

लय बिघडते म्हणजे काय होते?

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक नैसर्गिक पेसमेकर असतो. तिथून निघालेला विजेचा संदेश ठरलेल्या वाटेने खाली उतरतो आणि हृदय आकुंचन पावते. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा हे घडते. ब्लॉकेज हा रक्तवाहिन्यांचा, म्हणजे घराच्या भाषेत प्लंबिंगचा दोष. लयीचा बिघाड हा वायरिंगचा दोष आहे. त्यामुळे अँजिओग्राफी आणि टूडी इको दोन्ही स्वच्छ असूनही लय बिघडलेली असू शकते.

बिघाडाचे प्रकार अनेक आहेत. मध्येच एखादा जादा ठोका पडतो आणि ‘ठोका चुकला’ असे वाटते; हा प्रकार बहुतेक निरोगी माणसांतही आढळतो. एसव्हीटी या प्रकारात संदेश एका बंद वर्तुळात फिरत राहतो आणि ठोके क्षणात १५० ते २५० पर्यंत पोहोचतात. बटण दाबल्यासारखे सुरू, तसेच बंद. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजेच एएफमध्ये वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि नाडीला काही ताल उरत नाही. याशिवाय खालच्या कप्प्यांतून उद्भवणारे काही प्रकार जिवावर बेतणारे असतात.

मग ईसीजीत का दिसत नाही?

कारण ईसीजी साधारण १० सेकंदांचा असतो. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, म्हणजे ईसीजी दिवसाचा ८,६४०वा भाग पाहतो. त्या १० सेकंदांत लय ठीक असेल तर अहवाल नॉर्मलच येणार, आणि तो खोटाही नसतो. गाडी गॅरेजमध्ये नेली की नेमका तेव्हाच आवाज येत नाही, त्यातलाच हा प्रकार. नॉर्मल ईसीजीचा अर्थ ‘त्या वेळी लय ठीक होती’ एवढाच. ‘आजार नाही’ असा त्याचा अर्थ लावला जातो, तिथे गोंधळ सुरू होतो.

अर्थात धडधड नसतानाच्या ईसीजीतही काही खुणा सापडतात. जन्मजात जादा वायर असलेल्या डब्ल्यूपीडब्ल्यू या दोषात आलेखाचा चढ थोडा तिरका दिसतो. लाँग क्यूटी या आनुवंशिक दोषात एक अंतर वाढलेले दिसते. पण या खुणा बारीक असतात आणि यंत्राने छापलेल्या ‘नॉर्मल’ या शब्दावर थांबणाऱ्याच्या नजरेतून निसटू शकतात.

‘टेन्शन’चे निदान कितपत खरे?

कधीकधी ते खरे असते. रक्तक्षय, थायरॉइडचा बिघाड, ताप, गर्भारपण, जास्त चहा-कॉफी आणि चिंता, या सगळ्यांनी ठोके वाढतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आहे. त्यामुळे धडधडीची तक्रार आली की हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी आधी करणे योग्यच.

अडचण आहे ती काही न तपासता ‘टेन्शन’चा शिक्का मारण्याची. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एसव्हीटी सिद्ध झालेल्या १०७ रुग्णांचा मागचा प्रवास तपासला गेला. त्यातील ५५ टक्के जणांचा आजार पहिल्या वैद्यकीय तपासणीत ओळखलाच गेला नव्हता आणि त्यांतील निम्म्यांना पुढे ३.३ वर्षांहून अधिक काळ निदानाविना काढावा लागला. न ओळखल्या गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांची लक्षणे डॉक्टरांनी पॅनिक, चिंता किंवा ताणावर ढकलली होती. पुरुषांमध्ये हे प्रमाण ३२ टक्के होते, महिलांमध्ये ६५ टक्के. अभ्यास जुना आणि परदेशातला असला, तरी ‘बाईमाणूस आहे, घरात काहीतरी ताण असणार’ ही समजूत आपल्याकडे अनोळखी नाही.

गुंता असा की एसव्हीटीच्या झटक्यात घाम, थरथर, ‘आता काही खरे नाही’ ही भीती, सगळेच येते. पॅनिक अ‍ॅटॅकची लक्षणेही हीच. फरक सुरुवातीत असतो. भीती आधी आणि धडधड हळूहळू वाढत गेली, की धडधड एकदम आणि भीती नंतर, हा साधा प्रश्न बरेच काही सांगून जातो. मानेत ठोके जाणवणे किंवा झटका ओसरल्यावर भरपूर लघवी होणे, या एसव्हीटीच्या ओळखीच्या खुणा. पण ओपीडीच्या गर्दीत त्या विचारल्या जातातच असे नाही.

नाव कळल्याने काय फरक पडतो?

उपचारच बदलतो. जादा ठोके असतील आणि हृदयाची रचना चांगली असेल, तर अनेकदा धीर देणे पुरते. एसव्हीटीत मांडीच्या शिरेतून तार नेऊन दोषी वाट जाळून टाकता येते. या अ‍ॅब्लेशनला ९० टक्क्यांहून अधिक यश मिळते आणि बहुतेकांच्या गोळ्याही सुटतात. म्हणजे जो रुग्ण तीन वर्षे झोपेच्या गोळ्यांवर काढतो, त्याचा आजार एका प्रक्रियेत बरा होण्यासारखा असू शकतो. डब्ल्यूपीडब्ल्यू असलेल्याला एएफचा झटका आला, तर ठोके कमी करण्यासाठी एरवी दिली जाणारी वेरापामिलसारखी औषधे उलट जिवावर उठू शकतात. अंदाजाने औषध देण्यातला धोका तो हाच.

सर्वांत महाग पडते ते एएफ न कळणे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते, गुठळी मेंदूकडे जाते आणि पक्षाघात होतो. एएफमध्ये ही शक्यता सुमारे पाच पटींनी वाढते. अनेकांना धडधड जाणवतही नाही. आजार कळतो तो थेट पक्षाघातानंतर. रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी हा धोका बराच कमी होतो. अ‍ॅस्पिरिनची गोळी त्यासाठी पुरेशी नसते.

इथे भारताची एक वेगळी बाजू आहे. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले आणि त्यातून एएफ झालेले रुग्ण पाश्चात्त्य देशांत आता क्वचित दिसतात. आपल्याकडे ते अजूनही आहेत आणि त्यांत तरुण महिलांची संख्या मोठी आहे. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा साडेचार हजारांहून अधिक रुग्णांमध्ये रिव्हारोक्साबॅन या नव्या औषधापेक्षा वॉरफेरिनच्या गटातील जुनी औषधे सरस ठरली, मृत्यूही कमी झाले. ही जुनी औषधे स्वस्त आहेत, पण त्यांचा डोस ठरवण्यासाठी वारंवार आयएनआर ही रक्ततपासणी लागते. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला तपासणीसाठी मजुरी बुडवून जावे लागते, आणि मग तपासणीच बंद पडते.

स्मार्टवॉचवर किती भिस्त ठेवावी?

घड्याळात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि जाहिरातींत त्यांची सरमिसळ होते. हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताची स्पंदने मोजतो. तो नाडीचा अंदाज आहे, ईसीजी नव्हे. हात हलला, पट्टा सैल असला की तो चुकतो. काही महाग घड्याळांत घड्याळावर बोट ठेवून ३० सेकंदांचा एका लीडचा खरा ईसीजी निघतो. स्वस्त घड्याळांत बहुधा पहिलीच सोय असते.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅपल हार्ट स्टडी’त चार लाख १९ हजारांहून अधिक लोक सहभागी होते. त्यापैकी अवघ्या ०.५२ टक्के जणांना अनियमित नाडीची सूचना आली. सूचना आलेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर पॅच लावून तो तपासणीसाठी परत पाठवला, त्यांच्यातील ३४ टक्के जणांत एएफ दिसले. एएफ येऊन-जाऊन असते, त्यामुळे बाकीच्यांची सूचना खोटीच होती असे नाही. पण सूचना म्हणजे निदान नव्हे, हे यातून दिसते. आणि घड्याळाच्या ईसीजीवरून हार्ट अ‍ॅटॅक ओळखता येत नाही. छातीत दुखत असताना घड्याळ ‘नॉर्मल’ दाखवते म्हणून घरी बसणे घातक आहे.

मात्र रुग्णाने स्वतः नोंद करण्याची कल्पना कामाची आहे. ब्रिटनमधील १० रुग्णालयांत धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना मोबाइलला जोडणारे छोटे ईसीजी यंत्र दिले गेले. ९० दिवसांत त्यांच्यापैकी ५५.६ टक्के जणांची धडधडीच्या वेळची लय नोंदवली गेली. नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्यांत हे प्रमाण ९.५ टक्केच होते. नोंदवलेल्यांपैकी बऱ्याच जणांत गंभीर काही निघाले नाही. पण धडधड सुरू असतानाच लय नॉर्मल दिसणे, हे ‘टेन्शन आहे’ म्हणण्याचे खरे प्रमाण आहे.

होल्टर नॉर्मल आला तर?

छातीला इलेक्ट्रोड चिकटवून २४ ते ४८ तास नोंद घेणारे होल्टर यंत्र अमेरिकी संशोधक नॉर्मन होल्टर यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचे सुरुवातीचे यंत्र पाठीवर वाहून न्यावे लागे, आजचे खिशात मावते. रोज त्रास होणाऱ्यासाठी ते उत्तम. पण महिन्यातून एकदा झटका येत असेल, तर २४ तासांच्या होल्टरमध्ये तो सापडण्याची शक्यता ढोबळमानाने तिसात एक. मग ‘ईसीजी नॉर्मल, होल्टरही नॉर्मल’ हा दुहेरी शिक्का बसतो आणि रुग्णाला स्वतःवरच शंका येऊ लागते. अशा वेळी एक-दोन आठवड्यांचा पॅच, झटक्याच्या वेळी बटण दाबायचे इव्हेंट रेकॉर्डर, किंवा वरचेवर शुद्ध हरपत असेल तर त्वचेखाली बसवायचा आणि काही वर्षे चालणारा लूप रेकॉर्डर, हे पर्याय असतात. वर्णन एसव्हीटीचेच असेल, तर नोंद नसतानाही तज्ज्ञ थेट ईपी स्टडी सुचवू शकतात. त्यात तारा हृदयापर्यंत नेऊन बिघाड मुद्दाम सुरू करून पाहिला जातो.

झटका सुरू असताना काय करावे?

शुद्ध हरपली, छातीत दुखले, दम लागला किंवा आधीपासून हृदयविकार असेल, तर १०८ ला फोन करावा. व्यायाम करताना शुद्ध हरपली असेल किंवा घरात कुणाचा कमी वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर एरवीही वेळ न दवडता हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे. त्रास सहन होण्यासारखा असेल, तर धडधड थांबायची वाट न पाहता सोबत कुणाला घेऊन ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या दवाखान्यात जावे आणि ‘आत्ता चालू आहे, आधी ईसीजी काढा’ असे नोंदणीच्या खिडकीवरच स्पष्ट सांगावे. केसपेपर नंतरही निघतो.

करोनाकाळात घराघरांत आलेला ऑक्सिमीटर ठोक्यांचा आकडा दाखवतो. त्याचा व्हिडीओ काढून ठेवला, तर निदान वेग तरी कळतो. लय कळत नाही. झटक्याची वेळ, सुरुवात, शेवट आणि त्याआधी काय चालले होते, हे मोबाइलमध्ये टिपून ठेवावे. ईसीजीचा कागद बहुधा थर्मल असतो आणि काही काळाने त्यावरची रेघ पुसट होते. झटक्याच्या वेळचा एकमेव पुरावा फायलीत कोरा होऊन जाऊ नये, यासाठी त्याच दिवशी त्याचा फोटो काढावा.

आरोग्य व्यवस्थेत अडते कुठे?

‘स्टेमी महाराष्ट्र’, ‘स्टेमी गोवा’ यांसारख्या प्रकल्पांमुळे छोट्या रुग्णालयात काढलेला ईसीजी काही मिनिटांत दूरच्या तज्ज्ञापर्यंत पोहोचतो. त्यांचा भर हार्ट अ‍ॅटॅकवर आहे, आणि तो रास्तही आहे. पण येऊन-जाऊन होणाऱ्या धडधडीसाठी तालुक्यातला १० सेकंदांचा ईसीजी आणि मुंबई-पुण्यातली ईपी लॅब यांच्यामधला टप्पाच अनेक ठिकाणी गायब आहे. त्यात पैशांचा पेच आहे. सरकारी आरोग्य योजनांचा भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर असतो, होल्टर आणि पॅच मात्र बाह्यरुग्ण तपासण्या आहेत. म्हणजे आजाराला नाव मिळाल्यानंतरच्या उपचारासाठी योजनेचा आधार शोधता येतो. नाव मिळेपर्यंतच्या फेऱ्या, प्रवास आणि तपासण्या बहुतेकदा रुग्णाच्याच खिशातून होतात.