मोबाइल हिसकावून मुले वाचणार नाहीत : अकोला-अमरावतीचा धडा

कोणतीही पालकसभा घ्या, एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, पोराच्या हातातून मोबाइल सुटतच नाही, काय करू?" उर्दू शाळेत आई हेच विचारते, फक्त भाषा बदलते. मग आपण तास मोजत बसतो. दोन तास द्यावा की एक तास, परीक्षेपर्यंत बंद ठेवावा की रिचार्जच करू नये.

तासांचा प्रश्न खोटा नाही. झोप जाते, डोळे जातात, अभ्यास जातो. पण अकोला आणि अमरावतीत राहणाऱ्या आपल्या लोकांनी त्याच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. रात्री अकरा वाजता मुलाच्या फोनवर रक्त उसळवणारा एखादा व्हिडिओ आला, किंवा मुलीला कोणी तिचाच फोटो बिघडवून पाठवला, तर ते मूल सगळ्यात आधी कोणाला सांगेल? अम्मीला, अब्बूंना, की ग्रुपला?

हा प्रश्न हवेतला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या घटनांच्या बातम्या आणि व्हिडिओ फोनवर फिरत होते. १२ नोव्हेंबरला अमरावतीत निषेध मोर्चा निघाला, दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी त्याच्या विरोधात बंद झाला आणि शहर पेटले. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. २१ जून २०२२ रोजी याच शहरात एका औषध विक्रेत्याचा खून झाला. व्हॉट्सॲपवरची एक पोस्ट त्याचे कारण होती, असे राष्ट्रीय तपास यंत्रणेचे आरोपपत्र सांगते. मग १३ मे २०२३ ची रात्र आली. समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल झाली, एक जीव गेला, पोलिसांसह अनेक जण जखमी झाले. पुन्हा जमावबंदी, पुन्हा इंटरनेट बंद. अशा दिवसांत हातगाडीवाल्याची चूल पेटत नाही. ऑटोवाल्याचा हप्ता मात्र थांबत नाही.

या तिन्ही घटना सारख्या नाहीत आणि प्रत्येकीचा हिशोब न्यायालय करेल. राजकारण करणारे होते, आग लावणारे होते, तेही खरे. पण पहिली काडी प्रत्येक वेळी फोनच्या काचेवर ओढली गेली. आणि ज्या वयात माणसाला थांबता येत नाही, त्या वयाच्या मुलांच्या हातात आज तो फोन आहे.

कोल्हापूरचे उदाहरण याच अंगाने बघा. जून २०२३ मध्ये काही मुलांनी ठेवलेल्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून तिथे वाद पेटला. ७ जूनला बंद, दगडफेक, दुकानांची तोडफोड आणि इंटरनेट बंदी. स्टेटसच्या प्रकरणात पोलिसांनी ताब्यात घेतलेल्यांत अल्पवयीन मुलेही होती. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप जाते, पण त्याचा स्क्रीनशॉट जात नाही. "सर, डिलीट कर दिया था," असे मुले सांगतात तेव्हा त्यांना खरेच वाटत असते की गोष्ट संपली.

कायदा काय म्हणतो, हे घरात माहीत असलेले बरे. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. किरकोळ आणि मध्यम गुन्ह्यांत साधारणपणे गुन्हा दाखल न करता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची असते. पोलिसांपुढे मूल गप्प आणि बाप घाबरलेला असला की हे हक्क कागदावरच राहतात. वयाला अठरा पूर्ण झाली की हे संरक्षणही संपते. त्यानंतर दोन समाजांत तेढ वाढवल्याचे कलम लागले तर नोकरी, पासपोर्ट, प्रत्येक ठिकाणच्या पोलीस पडताळणीत ते आडवे येऊ शकते. बारावीतल्या मुलाच्या बाबतीत हे अंतर फक्त एका वाढदिवसाचे असते.

मुलींची गोष्ट वेगळी आहे, आणि मला तिची जास्त काळजी वाटते. जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' नावाच्या ॲपवर मुस्लिम महिलांचे फोटो टाकून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. मुंबई पोलिसांनी पकडलेले आरोपी विशीच्या आतबाहेरचे विद्यार्थी निघाले. म्हणजे द्वेषाने बिघडलेली ती मुलेही कोणाच्या तरी घरात, बंद खोलीत, फोन नाहीतर लॅपटॉप घेऊन एकटीच बसलेली होती. त्या महिलांपैकी कित्येक जणी शिकलेल्या, पत्रकार, वकील होत्या. त्यांनी तक्रारी केल्या. आपल्या मोहल्ल्यातली नववीतली मुलगी काय करेल? ती गप्प बसेल. कारण तिला पक्के ठाऊक आहे की घरी सांगितले तर आधी मोबाइल जाईल, मग शाळा जाईल आणि मग स्थळे बघायला सुरुवात होईल. गुन्हा करणारा मोकळा आणि शिक्षा तिला. तिला धमकावणाऱ्यालाही हे माहीत असते. त्याची सगळी ताकद आपल्या रागावर उभी आहे.

आता थोडे आकड्यांकडे. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणारा 'असर' अहवाल २०२४ सांगतो की १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. समाजमाध्यम वापरणाऱ्यांपैकी जेमतेम ५५ टक्क्यांना आपले प्रोफाइल खासगी कसे करायचे ते ठाऊक होते. म्हणजे जवळपास निम्मी मुले घराचे दार उघडे टाकून झोपतात.

फोन त्यांच्या हातात आला कसा? आपणच दिला, आणि तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यात इतरत्र जरा मोकळे होत असताना अमरावती आणि अचलपूर पुन्हा टाळेबंदीत गेले. आज दहावीत असलेले मूल तेव्हा चौथी-पाचवीत होते. फोनसोबत तरबियत द्यायला मात्र कोणालाच सवड मिळाली नाही.

मग बंदीच का घालू नये? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवायला मनाई केली आहे. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्येच ग्रामसभेत ठराव करून अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली होती. गावाची तळमळ खरी आहे. पण ज्या घरात एकच फोन आहे, अब्बूंचा धंदा, गॅसचा नंबर आणि शाळेचा गृहपाठ त्याच फोनवर येतो, तिथे बंदी किती दिवस टिकेल? फोन हिसकावला की मूल मित्राच्या फोनवर दुसऱ्या नावाने आयडी काढते. आधी निदान आपल्या डोळ्यांसमोर होते, आता तेही नाही.

मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचा उपाय जास्त पटतो. तिथे ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांचेही आणि मोठ्यांचेही. आपल्याला वेगळा भोंगा लावायची गरज नाही. मगरिब ते इशा हा तेवढाच वेळ आपल्याकडे आधीपासून ठरलेला आहे. त्या वेळात घरातले सगळे फोन कपाटावर ठेवा, अब्बूंचाही. मुलाला 'ठेव' म्हणायचे आणि आपण रील बघत जेवायचे, हे चालणार नाही. हा वेळ फक्त अभ्यासासाठी नाही, बोलण्यासाठीही आहे. आज ग्रुपवर काय आले, कोणी काय पाठवले, हे मूल सहज सांगू लागेल अशी सवय त्यातूनच लागते.

दुसरे म्हणजे घरात एक वायदा करा : "तू स्वतः येऊन सांगितलेस तर मी मारणार नाही, फोन काढणार नाही, शाळा बंद करणार नाही." आणि तो पाळा. एकदा मोडला तर पुन्हा कोणी सांगायला येणार नाही.

तिसरे, फोनची भाषा उर्दू किंवा मराठी करून घ्या. सेटिंग इंग्रजीत असल्यामुळे कित्येक आया हात लावत नाहीत. भाषा बदलली की प्रोफाइल खासगी करणे, ब्लॉक करणे, तक्रार करणे ही पाच मिनिटांची कामे आहेत.

चौथे, कोणी धमकावत असेल तर पैसे देऊ नका आणि घाबरून चॅट पुसू नका, तो पुरावा आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८, सायबर फसवणुकीसाठी १९३०, मनावरचा ताण असेल तर १४४१६ हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा. इज्जतीच्या भीतीने थांबणाऱ्या पालकांनी पोक्सो कायदा समजून घ्यावा. लैंगिक छळाच्या तक्रारीत मुलीचा जबाब तिच्या घरी घेता येतो, जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा लागतो आणि तिची ओळख जाहीर करायला मनाई आहे.

मशिदीचाही यात वाटा आहे. आलेली बातमी आधी पडताळून बघा, ही शिकवण सूरह हुजुरातमध्ये आहे आणि मोठ्यांना ती पाठ आहे. जुम्म्याच्या बयानात इमाम साहेबांनी ती 'फॉरवर्ड' या शब्दाला जोडून सांगितली, तर मागच्या सफेत बसलेल्या पोरांनाही कळेल की गोष्ट त्यांची चालली आहे. शाळेत आम्ही शिक्षकांनी महिन्यातला एक तास यासाठी काढला तर अभ्यासक्रम बुडणार नाही.

पुढचा व्हिडिओ येणारच आहे. निवडणूक असेल, सण असेल, कुठल्या तरी दूरच्या शहरातली घटना असेल. तो थांबवणे आपल्या हातात नाही. तो बघून आपले मूल आधी आपल्याकडे वळेल की रस्त्याकडे, हे मात्र आजपासून आपण घरात कसे बोलतो त्यावर ठरेल.