फी दिली, पण शनिवार कोण देणार?

‘बी’ या अक्षरापुढची एक छोटीशी आडवी रेघ मला २,७०० डॉलरना पडली.

२०११चा डिसेंबर होता. न्यू जर्सीतल्या एका रुग्णालयात मी फार्मसिस्ट होते आणि त्याच वर्षी नोकरी सांभाळून एमबीए सुरू केलं होतं. फी रुग्णालय परत देणार होतं. अट ऐकायला सोपी होती, विषयात किमान ‘बी’ हवा. अकाउंटिंगच्या परीक्षेच्या आठवड्यात आमच्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर गेली, दुसरा तापानं आडवा झाला आणि त्यांच्या पाळ्या उरलेल्यांवर आल्या. मी सलग चार रात्रपाळ्या केल्या आणि पाचव्या दिवशी पेपर लिहिला. निकाल लागला ‘बी मायनस’. आठवड्याभरात एचआरचं दोन ओळींचं उत्तर आलं की, धोरणानुसार परतावा देता येत नाही.

परीक्षेच्या आठवड्यात जादा पाळ्या लावणारे आणि गुण कमी पडले म्हणून फी नाकारणारे, दोघे एकाच मालकाचे लोक. दोघांनीही नियम पाळला होता. एकाच्या टेबलावर पाळ्यांचा तक्ता होता, दुसऱ्याच्या टेबलावर माझी गुणपत्रिका. ते दोन कागद शेजारी ठेवून बघावेत असं कुणाच्या मनातही आलं नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली आणि राग केव्हाच निवला. पण तेव्हा जे कळलं ते आजही तितकंच खरं वाटतं, म्हणून लिहिते. कर्मचाऱ्याच्या शिक्षणाला मालकानं पैसे देणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण आमच्यासारख्या पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाला पैशापेक्षा वेळेची चणचण जास्त असते. फी देऊन वेळ न देणाऱ्या मालकाची मदत अर्धीच राहते, आणि पुष्कळदा ती अर्धीही वाया जाते.

आधी पैशांचं सांगते, कारण त्याची कहाणीही मजेदार आहे. अमेरिकी करकायद्यात १९७८ साली कलम १२७ आलं. मालकानं कर्मचाऱ्याच्या शिक्षणावर ठरावीक रकमेपर्यंत खर्च केला, तर तो पगारात धरायचा नाही, त्यावर कर नाही. १९८६ साली ही मर्यादा वर्षाला ५,२५० डॉलर झाली आणि तिथंच बसली. मधल्या काळात काही वर्षं पदव्युत्तर शिक्षण या सवलतीतून वगळलं होतं, ते २००२ पासून पुन्हा आत घेतलं. रक्कम मात्र जवळजवळ ४० वर्षं तीच. १९८६चे ५,२५० डॉलर आजच्या किमतीत १५ हजारांच्या घरात जातील. २०२५च्या करकायद्यानं ही मर्यादा आता कुठं महागाईला बांधली आहे, आणि तिची वाढही २०२६ नंतरच दिसायची. बहुतेक मालक करमाफीच्या या रेषेवरच हात आखडता घेतात. आमच्याकडेही तेच होतं.

माझ्या अभ्यासक्रमात १६ विषय होते आणि एका विषयाला साधारण २,७०० डॉलर. रुग्णालयाच्या पैशांवरच शिकायचं म्हटलं असतं, तर वर्षाला दोनच विषय बसत होते आणि तेही वर दीडशे डॉलर स्वतःचे घालून. म्हणजे आठ वर्षं. मी पाच वर्षांत उरकलं. ४३,२०० पैकी २३,७०० रुग्णालयानं दिले, १९,५०० मी घातले. तेही आधी क्रेडिट कार्डावर भरायचे, सत्र संपून निकाल लागला की पावत्या जोडून अर्ज करायचा आणि मग पगारातून परत मिळायचे. मधले चार-पाच महिने कार्डाचं व्याज आपलं.

यावर माझा भाऊ साताऱ्याहून म्हणाला होता, ‘‘ताई, तुम्हा लोकांना पगार काय कमी आहे का?’’ बरोबर आहे. इथल्या सरकारी आकडेवारीत फार्मसिस्टचा मधला पगार वर्षाला १ लाख ३७ हजार डॉलरच्या आसपास आहे. फी परवडत नाही अशी आमची रड नाही. म्हणूनच मी म्हणते की प्रश्न मुळात पैशांचा नाहीच.

पण फार्मसिस्टला एमबीए कशाला? माझ्या आईला अजूनही वाटतं की मी ‘मेडिकल’मध्ये बसते, आणि मेडिकलात बसणारीनं हिशेबाची पदवी घ्यावी हे तिला कधी पटलं नाही. मी कराडच्या सरकारी फार्मसी कॉलेजातून १९९९ साली बी.फार्म. केलं. इथं आल्यावर परदेशी पदवीची समकक्षता परीक्षा, इंग्रजी बोलण्याची परीक्षा, उमेदवारीचे तास, मग परवान्याची परीक्षा आणि राज्याच्या कायद्याची परीक्षा असे उंबरे ओलांडले. माझ्यानंतर तीन-चार वर्षांनी पास झालेल्या मुलांना तो रस्ताच राहिला नाही. १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतर पदवी मिळालेल्यांना पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो आणि आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. इथली नवी पिढी सहा वर्षांचं फार्म.डी. करून येते. त्यांच्याशेजारी उभं राहताना आम्हा चार वर्षांवाल्यांना आणखी एक पदवी हवीहवीशी वाटते, हे कबूल करायला मला लाज नाही.

पण त्या पदवीचा खरा उपयोग मला कळला तो २०१३ साली, एका कुपीवरून.

बोर्टेझोमिब हे मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरचं औषध. आमच्याकडे त्याची कुपी एकाच मापात यायची, ३.५ मिलिग्रॅमची. डोस शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो, दर चौरस मीटरला १.३ मिलिग्रॅम. मध्यम बांध्याच्या माणसाचं क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर धरा, डोस झाला २.२. उरलेलं १.३ मिलिग्रॅम पिवळ्या डब्यात. हे मी वर्षानुवर्षं करत आले होते. डोक्याला टोपी, पायांना वेष्टन, झगा, हातमोज्यांचे दोन थर घालून शुद्ध हवेच्या कपाटापुढं बसायचं, औषध काढायचं, उरलेलं फेकायचं. हाताला सवय झाली होती, डोक्याला प्रश्न पडत नव्हता.

शनिवारच्या वर्गात ऑपरेशन्सच्या प्राध्यापकांनी सांगितलं, ‘‘तुमच्या कामात रोज काय वाया जातं ते लिहा, आणि त्याचे पैसे कोण भरतं तेही लिहा.’’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं. दुसऱ्याचं शोधायला दोन आठवडे लागले. फेकलेल्या औषधाचंही बिल मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याला लावता येतं आणि त्यातला २० टक्के वाटा नियमानं रुग्णाच्या माथी येतो. कंपनीची कुपी खपते, रुग्णालयाला पैसे मिळतात आणि पिवळ्या डब्यात गेलेल्या औषधाची वर्गणी आजारी माणूस भरतो. पुढं २०१६ साली पीटर बाक आणि सहकाऱ्यांनी ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात कर्करोगाच्या औषधांच्या मोठ्या मापाच्या कुप्यांमुळे अमेरिकेत वर्षाला जवळजवळ ३ अब्ज डॉलर वाया जातात असा अंदाज मांडला, तेव्हा मला आमचा पिवळा डबा आठवला.

मी गणित मांडलं. तीन रुग्ण तीन वेगवेगळ्या दिवशी आले तर तीन कुप्या, १०.५ मिलिग्रॅम. एकाच दिवशी आले तर लागतात ६.६, म्हणजे दोन कुप्यांत काम भागतं. तेव्हाच्या नियमानं कपाटात उघडलेली कुपी सहा तास वापरता येत होती. या औषधाचं चक्रही सोयीचं, १, ४, ८ आणि ११व्या दिवशी डोस. सुरुवात मंगळवारी केली की मंगळवार-शुक्रवार, मंगळवार-शुक्रवार असं आपोआप बसतं.

कागद घेऊन साहेबांकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न, ‘‘यात आपल्या विभागाचे किती वाचतात?’’ एमबीएच्या आधीची मी असते तर रुग्णाच्या कळवळ्याचं बोलून परत आले असते. पण तोवर मला समजलं होतं की फेकलेल्या औषधाचे पैसे मिळत असतील तर औषध वाचवण्याची घाई कुणालाच नसते. मी दुसरा कागद पुढं केला, आमच्या वेळेचा. तीनदा झगा चढवायचा, तीनदा कपाट पुसायचं, तीनदा दुसऱ्या फार्मसिस्टकडून तपासून घ्यायचं. त्याऐवजी हे सगळं एकदाच. साहेबांनी तो कागद ठेवून घेतला. पुढच्या महिन्यापासून आमच्याकडे बोर्टेझोमिबचे मंगळवार सुरू झाले. ज्यांना मंगळवार जमत नव्हता त्यांना अर्थातच सोडलं होतं, रुग्णानं आमच्या कुपीसाठी गैरसोय सोसावी असं कुणाचंच म्हणणं नव्हतं.

रुग्णालयानं माझ्यावर घातलेले पैसे इथं फिटले असं मी मानते. मालकांनी नीट बघावं असंही काही यात आहे. हा कागद मला सुचला कारण त्या सत्रात माझे शनिवार मोकळे होते. एका सहकाऱ्यानं आपणहून माझ्याशी पाळ्या बदलून घेतल्या होत्या. त्यानं ते केलं नसतं तर मी पेंगत वर्गात बसले असते आणि काठावरचा ‘बी’ घेऊन घरी आले असते. रुग्णालयाच्या धोरणात त्या शनिवारांबद्दल अवाक्षर नव्हतं. माझ्या शिक्षणाची सगळ्यांत मोठी देणगी मालकाकडून आलीच नाही, ती शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं दिली.

वेळेचं हे दुखणं रुग्णालयापुरतं नाही. २०२३च्या सप्टेंबरात कॅन्सस सिटी भागातले सीव्हीएस दुकानांचे फार्मसिस्ट कामावर गेले नाहीत, त्याची इथं मोठी बातमी झाली. मुख्य तक्रार अपुऱ्या माणसांची होती. एकटा माणूस लशी टोचतो, फोन घेतो, चिठ्ठ्या तपासतो. अशा माणसाला ‘फी आम्ही भरतो, जा शिक’ म्हणणं म्हणजे तहानलेल्याला जेवणाचं कुपन देणं.

मग काय करावं? माझ्या मते तीन गोष्टी.

एक, फी मालकानं सत्राच्या सुरुवातीला थेट विद्यापीठात भरावी. नापास झाला तर पुढच्या सत्राची थांबवावी, पण ‘बी’ आणि ‘बी मायनस’ यांच्यामधल्या रेघेवर कुणाचे हजारो डॉलर टांगून ठेवू नयेत.

दोन, नोकरी सोडली तर पैसे परत, ही अट ठेवायचीच तर ती दर महिन्याला उतरती असावी. अकरा महिने राहून गेलेल्याकडून पहिल्या दिवशी गेलेल्याइतकेच पैसे मागणं हा हिशेब नव्हे.

तीन, आणि खरी गोष्ट हीच, सत्र चालू असताना आठवड्याला चार पगारी तास द्यावेत, आणि परीक्षेच्या आठवड्यात जादा पाळी लावू नये. मधल्या पगाराच्या हिशेबानं फार्मसिस्टचा तास ६६ डॉलरचा. चौदा आठवड्यांच्या सत्राला हे ३,७०० डॉलर होतात, दीड विषयाच्या फीपेक्षाही कमी. बदल्यात मालकानं एकच मागावं की वर्गातला एक तरी प्रकल्प आपल्याच विभागाच्या दुखण्यावर कर.

‘शिकवलं की माणूस सोडून जातो’ हे उत्तर मला ठाऊक आहे. जातात काही. मीही शेवटी दुसऱ्या रुग्णालयात गेले, पदवीनंतर तीन वर्षांनी. पण माझ्या आधी जे गेले त्यांत न शिकलेलेच जास्त होते. काउंटरच्या पुढं रस्ता दिसेना म्हणून ते गेले.

हे सगळं मराठी वाचकांना सांगायचं कारण माझी भाची. ती सिन्नरजवळच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. कंपनी तिला शनिवार-रविवारचं एमबीए करू देते आहे, फी कंपनीची, बदल्यात तीन वर्षांचा बाँड. गेल्या महिन्यात तिनं तो कागद व्हॉट्सअॅपवर पाठवून विचारलं, ‘‘मावशी, सही करू का?’’ आपल्याकडे बाँड म्हणजे नुसती धमकी असते अशी एक समजूत आहे. ती सोडून द्यावी. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. कागद गंभीरपणे वाचायचा असतो.

मी वाचला. फीचं कलम होतं, गुणांचं होतं, बाँडचं तर दीड पान. मी तिला लिहिलं, ‘‘सही करण्याआधी एचआरला एवढंच विचार की महिन्यातून दोन शनिवार तुमच्या प्लांटमध्ये पाळी असते, मग वर्गाला कधी जायचं?’’

दोन दिवसांनी तिचा निरोप आला. एचआरचे साहेब चांगले होते, हसून बोलले. म्हणाले, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.