चढणीचे मासे आणि ठेक्याचे तलाव

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, ओढे गढूळ होऊन वाहू लागले, की इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात चढणीचे मासे निघतात. धरणाच्या फुगवट्यातून नदीत, नदीतून ओहळात आणि ओहळातून भातखाचरात मासा प्रवाहाविरुद्ध चढतो. त्या रात्री पाड्यापाड्यांतून माणसे बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतात. कोणाच्या हाती कोयता असतो, कोणाच्या बरची, कोणाच्या साधी काठी. उन्हाळ्याच्या ओढगस्तीनंतर त्या घरांत पहिल्यांदा पोटभर कालवण शिजते. मात्र चढणारी मादी अंडी घालण्यासाठी चढत असते. तिला मारणे म्हणजे पुढच्या वर्षाचे पीक उभ्यानेच कापणे होय.

या विसंगतीवर सरकारी विचारसरणीने एक सोयीचे उत्तर शोधले आहे : आदिवासी अडाणी आहे, त्याला नियम समजत नाहीत, सबब त्याचे प्रबोधन करावे आणि न ऐकल्यास त्याची जाळी जप्त करावी. हे उत्तर चुकीचे आहे. पण त्याचा प्रतिवाद करताना पुरोगामी मंडळी दुसऱ्या टोकाला जातात, तेही तितकेच चुकीचे आहे. गरिबाने केलेली नासाडी ही नासाडीच असते, आणि तिचा पहिला फटका गरिबालाच बसतो. रोहू, कटला, मृगळ हे तलावात सोडले जाणारे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. त्यांची बोटुकली निदान विकत तरी आणता येते. नदीतल्या देशी माशांचे बीज मात्र सहसा कोणी सोडीत नाही. त्यांची पैदास या चढणीवरच अवलंबून आहे. म्हणून विणीच्या हंगामात मासेमारी बंद राहिली पाहिजे, याबद्दल दुमत असू नये.

प्रश्न असा की, ती बंदी कोणावर बजावली जाते? बरचीने एका वेळी एक मासा मरतो. विहीर फोडण्यासाठी आणलेली जिलेटिनची कांडी डोहात टाकली, तर मोठ्या माशासह पिलेही मरतात, आणि मेलेल्यांपैकी निम्मे हातीही लागत नाहीत. बारीक आसाच्या जाळ्याने बोटभर पिलू ओढले जाते. बॅटरीच्या किंवा तारेवरून चोरलेल्या विजेच्या धक्क्याने मासा मरतो आणि कधीकधी मारणाराही मरतो. स्फोटके आणि विष यांवर 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच बंदी घातली होती. त्याची शिक्षा होती जास्तीत जास्त दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. राज्यस्थापनेनंतर महाराष्ट्राने 1960 चा स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. परंतु कायद्याचे खरे लक्ष राहिले ते समुद्राकडे. सागरी मासेमारीसाठी 1981 साली वेगळा कायदा झाला आणि 2021 च्या दुरुस्तीने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरील दंड 5 ते 20 लाख रुपयांपर्यंत नेण्यात आला. गोड्या पाण्यातील मच्छीमाराचे दुर्दैव असे की त्याच्या प्रश्नाला बंदर नाही, संघटना दुबळी आहे आणि वजनही नाही.

खरे मूळ मालकीच्या प्रश्नात आहे. 1916 साली पूर्ण झालेल्या दारणेपासून गंगापूर, काश्यपी, मुकणेपर्यंत नाशिक जिल्ह्यातील धरणांखाली जमीन गेली ती येथील शेतकऱ्यांची आणि आदिवासींची. पाणी वाटले गेले ते शहराला, कारखान्यांना, कालव्याखालील उसाला आणि द्राक्षाला. उरला मासा, तोही ठेक्याने दिला जातो. सहकारी संस्थांना कागदावर प्राधान्य असते, पण भांडवल आणि बाजार व्यापाऱ्याच्या हाती असल्यामुळे अनेक ठिकाणी संस्था नावाची, तलाव ठेकेदाराचा आणि सभासद मजूर, असाच प्रकार होतो. मुदतीचा ठेका घेणाऱ्याला मुदतीनंतरच्या माशाशी काय कर्तव्य? शेवटच्या वर्षी तो तलाव खरवडून काढील, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. आणि ज्याच्या डोळ्यांदेखत हे घडते, तो काठावरचा माणूस रात्री चोरून जाळे टाकतो. एकाची लूट करारात बसते. दुसऱ्याचे पोट मात्र गुन्हा ठरते.

सामाईक साधनाचा विध्वंस अटळ असतो, असे गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली मांडले. ज्यांना अधिकार आहे ते स्वतः नियम करतात आणि पाळतातही, हे जगभरच्या उदाहरणांनी दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. परंतु समाजवादी कार्यकर्त्याला त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. मध्य प्रदेशातील तवा धरणाच्या विस्थापित गोंड-कोरकू आदिवासींनी किसान आदिवासी संघटनेच्या नेतृत्वाखाली लढा दिला. त्यात समाजवादी जन परिषदेचे सुनील अग्रभागी होते. 1996 साली जलाशयातील मासेमारीचा अधिकार तवा मत्स्य संघाने मिळवला. प्राथमिक संस्थांच्या या संघाने बीज सोडले, चोरीवर पहारा ठेवला आणि पावसाळी बंदी पाळली. ज्यांना शिकारचोर म्हटले जात होते, तेच राखणदार झाले. मनुष्यस्वभाव बदलला नव्हता. मालकी बदलली होती.

पुढे 2006 मध्ये वन्यजीव संरक्षणाच्या नावाखाली तो करार वाढवून देण्यात आला नाही. हा धडा निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरलाही लागू पडतो. 1986 पासून अभयारण्य आणि पुढे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरलेल्या या पाणथळीत पक्षी राखले पाहिजेत, हे निर्विवाद आहे. पण काठावरच्या भिल्ल-कोळी मच्छीमाराला केवळ हुसकावून पक्षी राखता येतील, ही समजूत भाबडी आहे. पहाऱ्याचे, गणनेचे, जलपर्णी काढण्याचे काम त्यालाच का मिळू नये?

बंदीच्या काळात खायचे काय, हा प्रश्न टाळून कोणताही नियम टिकणार नाही. मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या तीन महिन्यांसाठी लाभार्थी मच्छीमाराला 4,500 रुपयांची तरतूद आहे. त्यातले 1,500 त्याच्याच बचतीचे. म्हणजे दिवसाला 50 रुपये, आणि त्यातही तिसरा हिस्सा त्याचा स्वतःचा. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली होती. ज्या राज्याने 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या योजनेतून कामाचा हक्क मान्य केला, त्या राज्याला विणीच्या दोन महिन्यांसाठी हे काम देणे जड जाऊ नये. बोटुकली वाढवण्याची तळी, ओहळांतील अडथळे काढणे, तलावाची राखण ही सर्व कामे उत्पादक आहेत.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. जलाशयातील मासेमारीचा पहिला हक्क धरणग्रस्तांच्या आणि काठावरच्या प्रत्यक्ष मासे मारणाऱ्यांच्या संस्थांना. ठेक्यात पोटठेका आढळल्यास करार रद्द. स्फोटके, विष, वीज आणि बारीक आसाची जाळी यांवर कठोर कारवाई. विणीच्या काळात पूर्ण बंदी आणि त्या काळात पूर्ण मजुरीचे काम. आणि धरणाच्या पाण्याचे वाटप ठरते तेथे मच्छीमारांचा प्रतिनिधी. 2025 साली राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला आहे. शेतीचा दर्जा आला, तर कसेल त्याची जमीन या घोषणेचा अर्थ पाण्यालाही लावावा लागेल.

चढणीच्या रात्री पाड्यावर जाऊन नियम वाचून दाखवणाऱ्या कार्यकर्त्याला लोक एकच गोष्ट विचारतील : तळे कोणाचे? त्याचे उत्तर जवळ असेल, तरच त्याने बरची खाली ठेवायला सांगावे.