मध्यम म्हणजे कोणासाठी?

पायी सहलींच्या पत्रकात एक शब्द हटकून असतो आणि मला त्याचा मनापासून राग आहे. "श्रेणी : मध्यम". कोणासाठी मध्यम? कोणत्या महिन्यात? किती वाजता? याचं उत्तर पत्रकात कधीच नसतं. शब्द मात्र ठळक अक्षरात.

आमच्याकडे आलेलं पत्रक असंच. मे महिन्यातले पाच दिवस, कोकण, पायी. राजापूर तालुक्यातला काशेळीचा सडा, कनकादित्याचं देऊळ, खालचा देवघळीचा किनारा आणि शेवटच्या दिवशी हरिहरेश्वर. सगळं "मध्यम", हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तर "सोपी". जाणारे आम्ही वलगावातले नऊ जण. सर्वात लहान 19 वर्षांचा भाचा, सर्वात मोठी 64 ची मावशी, जिला रोज रक्तदाबाची गोळी लागते. दोघांना एकच श्रेणी!

आता सडा म्हणजे काय ते आधी समजून घ्या. आपण वऱ्हाडातले लोक पठार म्हटलं की चिखलदरा डोळ्यांपुढे आणतो. झाडं, गारवा, जागोजागी चहाची टपरी. कोकणातला सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं माळरान. पावसाळ्यात त्यावर गवत आणि इवली रानफुलं येतात, मे महिन्यात त्याचा तवा होतो. काशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला सुमारे 18 मीटरचा हत्ती आहे, आणि त्या हत्तीच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पाहायलाच हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण कातळावर पाऊल उमटत नाही, म्हणून पायवाटही धड दिसत नाही, आणि सावली तर नाहीच. पत्रकातली वेळ? सकाळी 11 ते दुपारी 2.

आमच्यातल्या काहींना हसू आलं. "आपण 45 डिग्रीतले, तिथं 34 नं काय होते!" हेच तर. आपल्याकडे उन्हाळ्यात बारा ते चार कोणी शहाणा माणूस वावरात थांबत नाही, डोक्याला दुपट्टा असतो, आणि हवा कोरडी असल्यामुळे घाम वाळतो, अंग निवतं. कोकणात घाम वाळतच नाही. अंगातलं पाणी जातं आणि अंग तापलेलंच राहतं. थर्मामीटरचा आकडा लहान म्हणून धोका लहान, असं होत नाही हो.

बरं, या लोकांचं गणित तरी कुठून येतं? स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकानं 1892 साली एक ठोकताळा दिला : ताशी 3 मैल, आणि दर 2000 फूट चढाला एक तास जास्त. उपयोगी आहे, मीही वापरतो. पण तो धडधाकट माणसाचा हिशेब, थंड हवेतला. त्यात मावशी बसत नाही आणि मे महिनाही बसत नाही.

खरा संताप मला आला तो हरिहरेश्वरच्या ओळीवर. ही प्रदक्षिणा छोटीशी. देवळामागून पायऱ्या चढायच्या, मग डोंगराच्या खाचेतून उतरून समुद्राच्या अगदी कडेच्या खडकांवरून वळसा घालून यायचं. चढउताराच्या मानानं सोपी, खरंच. पण भरतीच्या वेळी लाटा त्याच खडकांवर चढतात आणि तिथून माणसं ओढली गेलेली आहेत. ओहोटीला सोपी, भरतीला जीवघेणी. वाट तीच, अंतर तेच! मग श्रेणी कसली लावता?

आणि पत्रकात दिवस कोणता, तर पौर्णिमा. वेळ सकाळी साडेअकरा.

इथं वलगावात बसूनही याची चूक काढता येते, घरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयवरून. कोकणातले लोक वापरतात तो हिशेब असा : तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा म्हणजे 15, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे आमची वरात खडकांवर नेमकी भर भरतीला पोचणार, तीही पौर्णिमेच्या उधाणाच्या. (जागेनुसार वेळ थोडी मागेपुढे होते. नेमकी हवी असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं असतात.) आमच्या पेढीला पूर आला की अख्ख्या गावाला कळतं, कोणी पात्रात उतरत नाही. समुद्राला तर दिवसातून दोनदा पूर येतो, आणि तो वेळ सांगून येतो. तरी पत्रकवाल्यांना पत्ता नाही.

फोन केला तर उत्तर काय मिळावं? "काका, सगळे जातात, आजवर काही झालं नाही." दुसरं उत्तर, "माहितगार सोबत असतो." माहितगार कुठला, विचारलं. पुण्याचा. त्यानं सडा पावसाळ्यात एकदा पाहिला होता.

नकाशावरचं अंतर पाहून बेत आखणाऱ्यांना मी नेहमी आपल्या गाविलगडाची आठवण देतो. 1803 च्या डिसेंबरात वेलस्लीचं सैन्य किल्ल्यावर आलं. दक्षिणेकडून गड समोरच दिसतो, पण तिकडून सरळ चढ. म्हणून स्टीव्हन्सनच्या तुकडीनं लांबचा वळसा घेतला, दऱ्याखोऱ्यांतून तोफा माणसांनी ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या, आणि 15 डिसेंबरला गड पडला. परका माणूस होता, पण जमीन बघून वाट ठरवली. आपले लोक वाट ठरवून मग जमीन बघतात.

तर आमचा बेत आता आम्हीच आखलाय. डिसेंबर. सडा सकाळी सात ते साडेनऊ, माणशी तीन लिटर पाणी, सोबत काशेळीतलाच कोणीतरी, पैसे देऊन. हरिहरेश्वर वद्य चतुर्थीला : भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी नऊला. मावशी देवळापर्यंत येणार, खडकांवर उतरायचं की नाही ते तिथं तीच ठरवेल. पत्रकवाल्यांना हे सगळं लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं : डिसेंबरात दर वाढतात, श्रेणी मात्र तीच राहील.