लाकडी इमारतीची खरी परीक्षा आगीची नव्हे, ओलीची



विद्यापीठाच्या आवारात लाकडी इमारत उभारण्याचा विषय निघाला की पहिला आक्षेप आगीचा घेतला जातो, आणि तोच सर्वांत दुबळा आहे. अशा इमारतींत वापरले जाणारे ‘क्रॉस-लॅमिनेटेड टिंबर’, म्हणजे फळ्यांचे थर एकमेकांशी काटकोनात रचून, गोंद लावून, दाबाखाली एकजीव केलेले जाड तक्ते, पेटले तरी त्यांवर कोळशाचा थर धरतो व तो आतील लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. जळण्याचा वेग मिनिटाला साधारण 0.7 मिलिमीटर असल्याचे ठाऊक असल्याने अभियंते तेवढी जाडी हिशेबात आधीच धरतात.

प्रत्यक्षात अडचण आली ती इतरत्र. अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठात वनशास्त्राच्या इमारतीचे बांधकाम चालू असताना, 2018 मध्ये, मजल्याचा एक तक्ता सुटून खाली कोसळला. कारण निघाले ते सदोष चिकटवणीचे. (वनशास्त्राच्याच इमारतीवर ही पाळी यावी!) सिंगापूरच्या नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठातील ‘गाया’ ही तोयो इतो यांनी आराखडा केलेली सहा मजली लाकडी इमारत 2023 मध्ये खुली झाली आणि दोनच वर्षांत तिच्या लाकडावर बुरशी दिसल्याच्या बातम्या आल्या. यात नवल नाही. लाकूड भोवतालच्या हवेतील बाष्प शोषते व सोडते, आणि आर्द्रता दीर्घकाळ 80 टक्क्यांच्या वर राहिली की पृष्ठभागावर बुरशी धरू लागते. सिंगापुरात तशी हवा बारमाही, तर मुंबई-कोकणात निदान चार महिने असते.

म्हणून लाकडी बांधकाम सोडावे, असा याचा अर्थ नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बनचा असतो आणि तो इमारतीत दशकानुदशके अडकून राहतो, हा त्याच्या बाजूचा दावा खरा आहे. मात्र तोडलेल्या जागी जंगल पुन्हा वाढते की नाही, ‘गाया’साठी जसे युरोपातून लाकूड आणले गेले तशा वाहतुकीत इंधन किती जळते, आणि ओल रोखण्यासाठी यंत्रणा किती वीज खातात, हे वजा केल्यावरच तो हिशेब पुरा होतो. उद्घाटनाच्या पत्रकांत मात्र अडकून राहिलेल्या कार्बनचीच बाजू ठळक असते. संशोधन हेच काम असलेल्या विद्यापीठांनी तरी तक्त्यांत बसवलेल्या ओलमापकांच्या नोंदी, दुरुस्तीचा खर्च व विजेची देयके दरवर्षी जाहीर करावीत, आणि दमट प्रदेशातील पुढच्या इमारतीला मंजुरी देण्यापूर्वी या नोंदी तपासणे बंधनकारक असावे.

— एक वाचक